पुवाची साक्ष

प्रस्तावना

करट, गळू, नखुर्डे, चिघळलेली जखम हे शब्द कोणत्याही घराला अपरिचित नाहीत. गळू फुटले की पू बाहेर येतो, दुखणे हलके होते आणि पुसलेला कापूस कचऱ्यात जातो. पू म्हणजे घाण, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. मात्र प्रयोगशाळेत हाच पू जपून नेला जातो, त्याला रंग दिला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो बारकाईने पाहिला जातो. शरीरात नेमके काय घडले याची माहिती त्यातून मिळते. ही माहिती कशी मिळवतात, ती न मिळवता औषध घेतल्यास काय होऊ शकते आणि या परीक्षेचा शोध कसा लागत गेला, हे प्रस्तुत पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• पू कसा तयार होतो व त्यात काय असते हे सांगू शकाल;
• पुवाचा नमुना घेण्याची व तपासण्याची रीत क्रमाने लिहू शकाल;
• सारख्या दिसणाऱ्या दोन विकारांतील फरक पेशींवरून कसा कळतो हे स्पष्ट करू शकाल;
• मनाने औषध घेण्याचे धोके उदाहरणासह मांडू शकाल;
• शास्त्रीय विषयावरील मराठी लेखन समजून घेऊन त्यातील शब्द वापरू शकाल.

मूळ पाठ

१. एकाच टेबलावरचे दोन नमुने

तालुक्याच्या एखाद्या गावातील सरकारी रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. सकाळी बाह्यरुग्ण विभागात दोन रुग्ण आले आहेत. पहिल्या आहेत शिवणकाम करणाऱ्या एक ताई. आठवड्यापूर्वी यंत्राची सुई त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीत घुसली. बोट सुजले, लाल झाले, रात्रभर ठसठसू लागले. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या चार दिवस घेऊनही उतार पडला नाही. आता बोटाचे पेर पुवाने ताठरले आहे. संसर्ग हाडापर्यंत गेला, तर बोट वाकणार नाही, आणि बोट वाकले नाही तर शिवणकाम बंद होईल. त्यांच्या घराचा खर्च त्या कामावर चालतो.

दुसरा रुग्ण सोळा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या मानेवर उजव्या बाजूला दोन महिन्यांपासून गाठ आहे. ती हळूहळू मऊ झाली आहे. तिला ठणका नाही, लाली नाही, हात लावला तर ती गरमही लागत नाही. मुलगा मात्र वाळत चालला आहे. त्याचे वडील सांगतात, “डॉक्टरसाहेब, मेडिकलवाल्यानं तीन वेळा गोळ्या बदलून दिल्या. गाठ काही जात नाही.”

डॉक्टर दोघांच्याही पुवाचा नमुना घेण्यास सांगतात. ताईंना ते विचित्र वाटते. त्या परिचारिकेला म्हणतात, “सिस्टर, ही घाण पुसून टाका ना. हिची कसली तपासणी?” सिस्टर उत्तर देतात, “ताई, कोणतं औषध लागू पडेल, ते याच्यातूनच कळणार आहे.”

२. पू म्हणजे काय?

त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. सुई, काटा किंवा खिळा घुसला की या तटबंदीला खिंडार पडते आणि त्वचेवरचे जिवाणू आत शिरतात. इजा झालेल्या पेशींमधून काही रासायनिक पदार्थ बाहेर पडतात. त्यांच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त अधिक येते, जागा लाल व गरम होते, पाझरलेल्या द्रवामुळे सूज येते. याच वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून वाट काढून इजेच्या जागी पोहोचतात.

यांत सर्वांत आधी व मोठ्या संख्येने येणाऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. निरोगी प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दररोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. त्या जिवाणूंना गिळतात आणि आपल्यातील तीव्र रसायनांनी मारतात. या कामात त्या स्वतःही मरतात. मेलेल्या व मरणासन्न न्यूट्रोफिल पेशी, जिवंत व मृत जिवाणू, नष्ट झालेल्या ऊतीचे कण आणि पाझरलेला द्रव या सर्वांचे मिश्रण म्हणजे पू. पुवातील या पांढऱ्या पेशींनाच प्रयोगशाळेच्या अहवालात ‘पस सेल्स’, म्हणजे पूपेशी, म्हणतात. पुवाला कधी हिरवट छटा येते, तीही न्यूट्रोफिलमधील एका हिरव्या रंगाच्या विकरामुळे असू शकते.

पेशी जंतूंना गिळतात ही गोष्ट रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी दाखवून दिली. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. शरीर स्वतःचे रक्षण पेशींच्या साहाय्याने करते, हा विचार त्यातून पुढे आला. या कार्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिक यांच्यासमवेत मिळाले. ताईंच्या बोटात सुई घुसल्यावर जे घडले, ते मूलतः याच प्रकारचे होते.

३. नमुना घेण्याची रीत

साक्ष खरी हवी असेल, तर साक्षीदार योग्य निवडावा लागतो. जखमेच्या पृष्ठभागावर धूळ असते, त्वचेचे नेहमीचे जिवाणू असतात. वरवर पुसून घेतलेल्या नमुन्यात तेच येतात आणि खरा अपराधी मागे राहतो. म्हणून आधी ती जागा निर्जंतुक मिठाच्या पाण्याने स्वच्छ करतात. गळू बंद असेल, तर निर्जंतुक सुईने आतला पू ओढून घेणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल, तर निर्जंतुक कापसाच्या काडीने जखमेच्या खोल भागातून नमुना घेतात. अशा वेळी दोन काड्या वापरतात: एक सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरी जंतू वाढवून पाहण्यासाठी.

नमुना शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा. औषध आधीच घेतलेले असेल, तर त्याचे नाव व दिवस सांगावेत, कारण औषधाने जंतू दडपले गेले असल्यास ते तपासणीत सापडत नाहीत. ताईंनी गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत आणले होते. सिस्टरने त्यावरील नाव कागदावर लिहून घेतले. बाटलीवर रुग्णाचे नाव, वय, नमुन्याची जागा, तारीख आणि वेळ लिहिली गेली. नमुना वेळ न दवडता प्रयोगशाळेत पोहोचला.

४. काचपट्टी आणि रंग

प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ प्रथम नुसत्या डोळ्यांनी पू पाहतात. ताईंचा पू दाट व पिवळा आहे. मुलाचा पू पातळसर असून त्यात दह्याच्या चोथ्यासारखे कण आहेत. तंत्रज्ञ ही नोंद करतात, परंतु तेवढ्यावर निष्कर्ष काढत नाहीत. रंग आणि दाटपणा यांवरून अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही.

त्यानंतर पुवाचा पातळ थर काचपट्टीवर पसरतात. थर जाड झाला, तर पेशी एकमेकींवर चढतात व काहीच नीट दिसत नाही. थर वाळल्यावर काचपट्टी ज्योतीवरून हलकेच फिरवतात, म्हणजे पेशी काचेला चिकटून राहतात. मग रंगाची पाळी येते. पेशी व जिवाणू बहुतांशी रंगहीन असल्याने रंगाशिवाय त्यांची ओळख पटणे अवघड असते.

सर्वाधिक वापरली जाणारी रंजनपद्धती डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये बर्लिन येथे काम करताना प्रसिद्ध केली. तिच्यात आज चार पायऱ्या असतात. प्रथम जांभळा रंग, मग आयोडीनचे द्रावण, मग रंग धुऊन काढणारे अल्कोहोल आणि शेवटी लाल रंग. काही जिवाणूंचे आवरण जाड असते. ते अल्कोहोलनंतरही जांभळा रंग सोडत नाहीत. त्यांना ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ म्हणतात. ज्यांचा जांभळा रंग धुऊन जातो व जे शेवटचा लाल रंग घेतात, ते ‘ग्रॅम निगेटिव्ह’. या एका भेदावरून डॉक्टरांना औषधाची पहिली दिशा मिळते. या साऱ्या कामाला पाच-दहा मिनिटे पुरतात.

५. ताईंच्या नमुन्याची साक्ष

तंत्रज्ञ आधी कमी वर्धनाखाली, म्हणजे सुमारे शंभर पट मोठे करून, सगळी काचपट्टी पाहतात. पूपेशी किती आहेत, त्वचेच्या चपट्या पेशी किती आहेत, याचा अंदाज येथे येतो. त्वचेच्या पेशी फार असतील, तर नमुना वरवरचा आहे असे समजून तो पुन्हा मागवावा लागतो. ताईंच्या नमुन्यात पूपेशी भरपूर, त्वचेच्या पेशी नगण्य. नमुना योग्य आहे.

मग काचपट्टीवर तेलाचा थेंब ठेवून ती हजार पट मोठी करून पाहतात. न्यूट्रोफिल ओळखणे फार कठीण नाही. तिचे केंद्रक अखंड नसते. बारीक धाग्यांनी जोडलेल्या दोन ते पाच खंडांचे ते असते. पुवात मात्र अनेक पेशी मोडकळीस आलेल्या असतात, त्यामुळे अनुभवी नजर लागते. या पेशींच्या आसपास आणि काही पेशींच्या पोटातही द्राक्षांच्या घडांसारखे जांभळे, गोल ठिपके दिसतात. पेशीने गिळलेला जिवाणू हा महत्त्वाचा पुरावा असतो. तो त्वचेवरून चुकून आलेला पाहुणा नव्हे, शरीर त्याच्याशीच झुंजत होते, हे त्यावरून कळते.

तंत्रज्ञ अहवालात लिहितात: पूपेशी भरपूर; घडांच्या स्वरूपातील ग्रॅम पॉझिटिव्ह गोलाणू आढळले. त्याच वेळी दुसऱ्या काडीवरील पू पोषक माध्यमावर पसरून उबदार पेटीत ठेवला जातो. साधारण एका दिवसात जिवाणूंच्या वसाहती वाढतात आणि त्यानंतर कोणते औषध त्यांना मारते याची चाचणी करता येते.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. संसर्गाच्या जागी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या पांढऱ्या पेशींना ________ म्हणतात.
२. नमुना शक्यतो ________ सुरू करण्यापूर्वी घ्यावा.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. नमुन्यात त्वचेच्या पेशी फार आढळल्यास तो पुन्हा का मागवतात?

६. जंतू असलेली आणि जंतू नसलेली गळवे

घडांच्या रूपातील या गोलाणूंना नाव मिळाल्याचा इतिहास उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकातही अनेक युरोपीय वैद्य जखमेतील दाट, पांढरट पुवाला चांगले लक्षण मानीत. भारतात सुश्रुतसंहितेने व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगून शस्त्र केव्हा लावावे याचा विचार केला होता. पण पुवाच्या आत काय आहे, हे डोळ्यांनी पाहण्याचे साधन तेव्हा कुणाजवळच नव्हते.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहराचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी आपल्या घरामागील प्रयोगशाळेत गळवांचा पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यास सुरुवात केली. १८८० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष बर्लिन येथील शल्यचिकित्सकांच्या सभेत मांडले. तीव्र, ठणकणाऱ्या गळवांच्या पुवात त्यांना गोलाणू दिसले. तो पू प्राण्यांना टोचला, तर त्यांनाही गळू झाले. तोच पू आधी तापवला किंवा त्यावर कार्बोलिक आम्लाची प्रक्रिया केली, तर गळू झाले नाही. पू आपोआप होत नाही, जिवाणू तो घडवतात, हे यातून दिसून आले. घडांच्या रूपात राहणाऱ्या गोलाणूंना त्यांनी १८८२ मध्ये ‘स्टॅफिलोकॉकस’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षांचा घड.

ऑग्स्टन यांनी आणखी एक नोंद प्रामाणिकपणे केली. ज्या गळवांना ठणका नाही व उष्णता नाही, त्या ‘थंड’ गळवांच्या पुवात त्यांना हे गोलाणू सापडले नाहीत. पू होता, पण अपराधी दिसत नव्हता.

७. मुलाच्या नमुन्याची साक्ष

मुलाच्या काचपट्टीवर तंत्रज्ञांना नेमके हेच दिसते. अखंड न्यूट्रोफिल थोड्या आहेत. गोल, अखंड केंद्रकाच्या छोट्या लसीकापेशी आहेत आणि आकार हरवलेल्या, कुजलेल्या ऊतीचा चुरा आहे. ग्रॅमच्या रंगात एकही जिवाणू दिसत नाही. ‘जंतू आढळले नाहीत’ असे लिहून काम संपवता आले असते. परंतु दोन महिन्यांची थंड गाठ, घटलेले वजन आणि पेशींचा हा प्रकार या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. जुन्या मराठीत मानेच्या अशा गाठींना ‘गंडमाळा’ म्हणत. त्यांचे एक प्रमुख कारण क्षयरोग हे आहे. क्षय केवळ फुफ्फुसांचा असतो हा समज चुकीचा आहे.

थंड गळवाचे हे कोडे २४ मार्च १८८२ नंतर सुटू लागले. त्या दिवशी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाच्या जिवाणूचा शोध जाहीर केला. या जिवाणूचे आवरण मेणचट असते, म्हणून तो ग्रॅमचा रंग नीट घेत नाही. त्यासाठी झील व नील्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत वापरतात. तिच्यात काचपट्टीवर लाल रंग ओतून ती खालून तापवतात, मग आम्लाने धुतात. इतर सारे लाल रंग सोडते, क्षयाचा जिवाणू सोडत नाही. शेवटी निळा रंग देतात, म्हणजे निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या उठून दिसतात.

तंत्रज्ञ ही दुसरी काचपट्टी तयार करून पाहू लागतात. पहिले क्षेत्र रिकामे, दहावे रिकामे, पन्नासावेही रिकामे. अशा नमुन्यांत जिवाणू फार विरळ असतात. शंभर क्षेत्रे पाहिल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये, हा शिस्तीचा नियम आहे. मान अवघडते, डोळे चुरचुरतात. सत्तर क्षेत्रे ओलांडल्यावर निळ्या चुऱ्यात किंचित वाकलेल्या दोन बारीक लाल काड्या दिसतात. दोन महिने तीन प्रकारच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या दुखण्याचा छडा लागतो.

याची खात्री करण्यासाठी पुवाचा उरलेला भाग जंतूची जनुकीय खूण ओळखणाऱ्या यंत्रात तपासला जातो. अशा यंत्रांपैकी ‘ट्रूनॅट’ गोव्यातील एका कंपनीने विकसित केले असून जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०२० मध्ये मान्यता दिली. रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला जिवाणू दाद देईल की नाही, हेही या तपासणीत कळते. काचपट्टीवर जिवाणू दिसले नसते, तरी ही तपासणी आवश्यकच ठरली असती. कारण पुवात जिवाणू फार थोडे असले, तर सूक्ष्मदर्शकाला ते हुकतात.

८. टाकाऊ पट्ट्यांतील शोध

पुवातील पेशींनी वैद्यकाच्या पलीकडेही एक मोठी गोष्ट उघड केली. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातील तरुण वैद्य फ्रिडरिख मीशर यांना कमी ऐकू येत असे. रुग्णसेवेत ही अडचण होईल असे वाटून ते संशोधनाकडे वळले. १८६८ मध्ये ते जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे गेले. तेथील प्रयोगशाळा जुन्या किल्ल्यात होती आणि मीशर यांच्या वाट्याला किल्ल्याचे पूर्वीचे स्वयंपाकघर आले होते.

पेशी कशाच्या बनलेल्या असतात, याचा अभ्यास त्यांना करायचा होता. त्यासाठी पुष्कळ पेशी हव्या होत्या. जवळच्या रुग्णालयातून फेकल्या जाणाऱ्या, पुवाने भरलेल्या पट्ट्या त्यांनी मागवल्या. सडलेला पू बाजूला सारून उरलेल्यातून त्यांनी पेशी धुऊन वेगळ्या केल्या आणि पेशींतून केंद्रके वेगळी केली. १८६९ मध्ये त्या केंद्रकांत त्यांना स्फुरदयुक्त असा एक नवा पदार्थ सापडला. त्यांनी त्याला ‘न्यूक्लेइन’ म्हटले. त्यांचे गुरू होप-झायलर यांनी प्रयोग स्वतः पुन्हा करून खात्री पटवली आणि मगच, १८७१ मध्ये, तो शोध प्रसिद्ध झाला. आज तो पदार्थ डीएनए या नावाने ओळखला जातो. आनुवंशिक गुण त्यातून पुढच्या पिढीत जातात, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

या कथेला २००४ मध्ये आणखी एक दुवा जोडला गेला. न्यूट्रोफिल पेशी आपल्या केंद्रकातील डीएनएचे धागे जाळ्यासारखे बाहेर फेकतात आणि त्यात जिवाणू अडकतात, असे बर्लिनमधील संशोधकांना आढळले. मीशर यांना ज्या पदार्थाचा शोध पुवात लागला, तो पेशीचे शस्त्र म्हणूनही वापरला जातो, हे त्यातून कळले.

९. अहवाल वाचताना

पुवाचा अहवाल उपयुक्त असला, तरी तो एकटा निर्णय देत नाही. अहवालात नाव असलेला प्रत्येक जिवाणू रोग घडवणारा असतोच असे नाही. जुन्या उघड्या जखमेवर अनेक जिवाणू नुसते वस्तीला असतात. उलटपक्षी पू नाही म्हणजे संसर्ग नाही, असेही समजू नये. कर्करोगाच्या काही औषधांमुळे न्यूट्रोफिल फार कमी होतात. अशा रुग्णाला गंभीर संसर्ग होऊनही पू दिसत नाही, कारण पू घडवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. म्हणून अहवाल, रुग्णाची लक्षणे आणि डॉक्टरांची तपासणी यांचा मेळ घालावा लागतो.

बंद गळवात साठलेल्या पुवापर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून अनेकदा शस्त्र लावून पुवाचा निचरा करणे हाच उपचाराचा मुख्य भाग असतो. थंड गळवाला मात्र सरळ चीर दिल्यास ती जागा दीर्घकाळ वाहत राहू शकते. त्याचा पू सहसा सुईने काढतात. दोन्ही गळवांत पू आहे, पण दोन्हींचे उपचार निराळे आहेत.

१०. साक्षीचे मोल

ताईंच्या बोटातील पू त्याच दिवशी शस्त्रक्रियेने काढला गेला. तिसऱ्या दिवशी संवर्धनाचा अहवाल आला. दुकानातून आणलेल्या गोळ्यांना ते जिवाणू मुळीच दाद देत नव्हते. अहवालानुसार औषध बदलले. जखम भरत आली आणि काही आठवड्यांनी बोट पुन्हा वाकू लागले.

मुलावर क्षयाचे उपचार सुरू झाले. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. औषधे निदान सहा महिने, एकही दिवस न चुकवता घ्यावी लागतात. त्याचे वडील सुरुवातीला खिन्न झाले. मग म्हणाले, “नाव कळलं, हे बरं झालं. इतके दिवस आम्ही अंधारातच गोळ्या मारत होतो.”

त्यांचे हे बोल अनेक घरांना लागू पडतात. प्रतिजैविकांच्या पाकिटावर लाल रेघ असते. २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तिची ओळख करून देणारी मोहीम सुरू केली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा त्या रेघेचा अर्थ आहे. चुकीचे किंवा अर्धवट घेतलेले प्रतिजैविक रोग बरा करत नाही. ते दुबळे जिवाणू मारते आणि चिवट जिवाणूंना मोकळे रान देते. हे चिवट जिवाणू मग घरातील व शेजारील इतरांपर्यंतही पोहोचतात.

रुग्णालयातील त्या टेबलावर दोन छोट्या बाटल्या शेजारीशेजारी होत्या. दोहोंत पू होता. एका बोटाचे आणि एका तरुण आयुष्याचे भवितव्य त्या दोहोंमधील फरकावर अवलंबून होते. तो फरक काचपट्टीवर दिसला, कारण कुणीतरी तो नमुना कचऱ्यात न टाकता तपासला.

पाठगत प्रश्न २

(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. क्षयरोग फक्त फुफ्फुसांना होतो.
२. मीशर यांनी पुवाने भरलेल्या पट्ट्यांमधून पेशी मिळवल्या.
३. पू दिसला नाही, म्हणजे संसर्ग नाही.
(आ) क्षयाचा जिवाणू ग्रॅमचा रंग नीट का घेत नाही?

शब्दार्थ

नखुर्डे – नखाच्या कडेला होणारी पुवाची सूज
ऊती – एकाच प्रकारच्या पेशींचा समूह
विकर – शरीरातील रासायनिक क्रियांना वेग देणारा पदार्थ
डिंभ – प्राण्याची अंड्यातून बाहेर पडल्यानंतरची अपक्व अवस्था
रंजन – पेशी वा जंतू दिसावेत म्हणून रंग देण्याची क्रिया
गोलाणू – गोल आकाराचे जिवाणू
व्रणशोथ – जखमेची किंवा गळवाची सूज
संवर्धन – पोषक माध्यमावर जिवाणू वाढवणे
स्फुरद – फॉस्फरस हे मूलद्रव्य

तुम्ही काय शिकलात?

• पू म्हणजे न्यूट्रोफिल, जिवाणू, ऊतीचे कण व द्रव यांचे मिश्रण होय.
• योग्य जागेचा, औषधापूर्वी घेतलेला नमुनाच विश्वसनीय माहिती देतो.
• पेशींचा प्रकार व जिवाणूंचा रंग-आकार यांवरून उपचाराची दिशा ठरते.
• सारख्या दिसणाऱ्या विकारांची कारणे भिन्न असू शकतात, म्हणून मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत.

भाषा-अभ्यास

१. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा: दाद न देणे, छडा लागणे, उतार पडणे, मोकळे रान देणे.
२. विग्रह करा: काचपट्टी, क्षयरोग.
३. ‘पू होता, पण अपराधी दिसत नव्हता.’ या वाक्यात ‘अपराधी’ हा शब्द कोणासाठी वापरला आहे? पाठातून अशाच प्रकारचे आणखी एक वाक्य शोधा.

पाठान्त प्रश्न

१. ताईंच्या व मुलाच्या नमुन्यांतील फरक तक्त्याच्या रूपात मांडा.
२. ऑग्स्टन यांच्या प्रयोगांतून कोणती गोष्ट दिसून आली? त्यांनी नोंदवलेला अपवाद का महत्त्वाचा ठरला?
३. “इतके दिवस आम्ही अंधारातच गोळ्या मारत होतो.” या उद्गाराचा आशय आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
४. ‘पुवाची साक्ष’ या शीर्षकाची समर्पकता तुमच्या शब्दांत पटवून द्या.

उपक्रम

तुमच्या घरातील औषधांच्या पाकिटांवर लाल रेघ आहे का ते पाहा. तशी औषधे कुणी, कधी व कुणाच्या सल्ल्याने आणली याची नोंद करा आणि घरातील मंडळींशी चर्चा करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ (अ) १. न्यूट्रोफिल २. प्रतिजैविक (आ) १. असा नमुना वरवरचा असल्याने त्यात खोल भागातील संसर्गाचे जंतू मिळतीलच असे नाही, म्हणून तो पुन्हा मागवतात.
प्रश्न २ (अ) १. चूक २. बरोबर ३. चूक (आ) त्याचे आवरण मेणचट असते, म्हणून तो ग्रॅमचा रंग नीट घेत नाही.